पट्टीचे पोहणारे

प्रिय दादा,

'प्रिय' सवयीने लिहिलंय, फार मनावर घेऊ नकोस. तुझं निमंत्रण पोचलं. कार्ड झकास छापलंयस. जाड कागद, सोनेरी कडा, आणि मधोमध माझ्या लेकाचा ओल्या केसांचा फोटो. त्याच्या नावाची शर्यत, त्याच तलावात, शिट्टी तू मारणार आणि कप मी द्यायचा. खाली वहिनीने हाताने लिहिलंय की नक्की या, सगळ्यांना बरं वाटेल. सगळ्यांना बरं वाटावं म्हणून मी आजवर पुष्कळ काही केलं, आता हे नाही जमणार. मी येणार नाही. आणि तुझ्या लेकीला, मासोळीलाही त्या दिवशी पाण्यात उतरवू नकोस. तिच्या जिवाचा प्रश्न आहे. एवढं वाचूनच तू पत्र फाडायला घेशील, तुझा स्वभाव काय मला आज कळतोय का. पण फोन तू उचलत नाहीस, आणि मागच्या वेळी मी तलावावर आले तेव्हा फाटकातच सगळ्यांसमोर हात जोडून तू मला परत पाठवलंस. मग कागदाशिवाय उरलं काय? तेव्हा जरा खुर्ची ओढ आणि शेवटपर्यंत वाच.

आपल्या तलावाची गोष्ट तिथे येणाऱ्या प्रत्येक पालकाला तोंडपाठ आहे, तूच सांगतोस ती. काका तरुणपणी नदीत बुडाला, त्या दुःखातून बाबांनी पोहण्याचा तलाव काढला आणि शपथ घेतली की या गावात पुन्हा कुणी बुडणार नाही. बाबांना घरातसुद्धा आपण मास्तर म्हणायचो. ताटात भात हवा असला तरी 'मास्तर, भात' असंच. त्या गोष्टीत एक प्रश्न कुणीच विचारत नाही. काका नदी रोज पार करायचा. पाणी संथ होतं, दिवस लख्ख होता, काठावर माणसं उभी होती, आणि हा पट्टीचा पोहणारा अर्ध्यात येऊन हाक न मारता, हात न हलवता खाली गेला. असा कसा बुडाला? मास्तरांनी ठरवलं की तो गाफील राहिला. लोकांनी ठरवलं की पोहणाराच बुडतो. म्हण सापडली की माणसं पुढचा विचार करायचे कष्ट घेत नाहीत, तसं झालं. मग आपल्या घरात नियम आला: चालायला लागलेलं पोर आधी पाण्यात, मग शाळेत. आणि कुणाला पाण्यात गरगरलं, डोळ्यांपुढे काळोख आला, तर त्याला बाहेर बसवायचं नाही. भीती अंगात मुरायच्या आत तसंच परत पाण्यात ढकलायचं. घोड्यावरून पडलेल्याला लगेच घोड्यावर बसवतात म्हणे. आपण कधी घोडा पाहिला होता देव जाणे.

मला दोनदा तसं झालं होतं, तुला आठवत असेल. पहिल्यांदा मास्तरांनी मला दंडाला धरून परत सोडलं आणि माझं नशीब बलवत्तर म्हणून मी तरले. दुसऱ्यांदा मी कठड्याला धरून बसले ती हलेचना. मास्तर सगळ्या वर्गासमोर म्हणाले, ही भित्री भागूबाई, हिला किल्ल्यांच्या खिडकीत बसवा. त्या दिवसापासून मी कपाटांच्या किल्ल्या वाटायला लागले. तू जाता-येता खिडकीच्या काचेवर टिचकी मारायचास आणि बेडकासारखे गाल फुगवायचास. तुम्ही दोघांनी मला असं पाण्यात पाहिलंत की मी लग्न होईपर्यंत त्या खिडकीबाहेर आले नाही. आज मला हसू येतं, कडू हसू. त्या घरात ज्यांना शूर म्हटलं गेलं ते गेले, आणि भागूबाई चष्मे विकत जिवंत आहे.

माझा लेक मात्र तुमच्या वळणावर गेला. पाय बाहेर टाकत चालायचा म्हणून तूच त्याला बदक म्हणायला लागलास, आणि पाण्यात पडला की ते बदक मासा व्हायचं. तुझा जीव होता त्याच्यावर, हे मी नाकारत नाही. घरी आला की ओला टॉवेल गादीवर टाकायचा आणि तांब्याने घटाघट पाणी प्यायचा. मी म्हणायचे, अरे दिवसभर पाण्यात असतोस, तिथे प्यायला मिळत नाही का? एकदा तो शर्यत संपवून पायऱ्या चढता चढता कोसळला. तुम्ही त्याच्या तोंडावर पाणी मारलं, तो उठला, आणि तू त्याला नियमाप्रमाणे परत उतरवलंस. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो छाती फुगवून मला सांगायला आला की आई, मी परत उतरलो. मी वहिनीला विचारलं तर ती म्हणाली उपाशी होता. मास्तर म्हणाले रात्री जागला असेल. तू म्हणालास ऊन लागलं. कारणांची आपल्या घरात कधी टंचाई नव्हती, ज्याला जे हवं ते घ्यावं.

आणि मग ती सकाळ. त्या सकाळबद्दल आपण दोघं कधी बोललो नाही, मीच बोलते. तू शिट्टी मारलीस, पोरांनी उड्या टाकल्या, सगळी वर आली, एक आलं नाही. तळाच्या निळ्या पट्टीवर तो पालथा पडलेला. तू क्षणाचा उशीर केला नाहीस, कपड्यांसकट उडी मारून त्याला बाहेर आणलंस. इथपर्यंत तुला बोल लावणारी मी कोण? पण बाहेर आणल्यावर तू त्याला पालथा घातलास आणि मास्तरांनी शिकवल्याप्रमाणे पाठ दाबून पाणी काढत बसलास. आधी पाणी, मग बाकीचं. निरोप मिळून मी किंचाळत आले तेव्हा मास्तर कठड्यावरून तुला सांगत होते, अजून दाब, अजून आहे पाणी. ॲम्ब्युलन्समधला माणूस धावत आला, त्याने त्याला उताणा केला, छातीवर दोन्ही हात ठेवून दाबायला लागला आणि मान न वळवता विचारलं, छाती कुणी दाबली का? मास्तर म्हणाले, पाणी काढत होतो ना. त्या माणसाचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही. त्याने मशीनच्या पट्ट्या लावल्या, झटका दिला, पण तोवर फार वेळ गेला होता. आता मला कळतं की त्याला पाणी काढणारं कुणी नको होतं, त्याला छाती दाबणारं आणि ते मशीन हवं होतं.

त्यानंतर तुम्ही सगळे कारण शोधायला बसलात आणि ते तुम्हाला घरच्या घरी सापडलं. मी. मी लाड केले, मी सकाळी पोटभर खायला घालून पाठवलं, मी त्याला कच्चा ठेवला. मास्तर तर म्हणाले की भागूबाईच्या पोटचा, ऐन वेळी कच खाल्ली असेल. लेक गेलेल्या बाईला हे ऐकावं लागतं आणि वर बोलणारी माणसं घरातली वडीलधारी म्हणून गप्प बसावं लागतं. आमचे हे तर तेव्हापासून जास्त बोलतच नाहीत. दुकानाच्या मागच्या खोलीत बसून काचा घासत असतात, गिऱ्हाईक आलं की मी पुढे असते. शवविच्छेदनात फुप्फुसात पाणी आणि हृदय धडधाकट. म्हणजे बुडाला. म्हणजे गाफील राहिला. झालं, फाईल बंद.

मागच्या वर्षी माझे पित्ताचे खडे काढायचे होते हे तुला ठाऊक आहे, वहिनी येऊन गेली होती. ऑपरेशनच्या आधी सगळ्यांचा काढतात तसा माझाही कार्डिओग्राम काढला. भूल देणारी डॉक्टर अगदी तरुण पोर. तिने तो कागद खिडकीशी नेला, पट्टी लावून मोजला, पुन्हा मोजला. मग येऊन माझ्या खाटेवर बसली आणि विचारायला लागली, कधी चक्कर येऊन पडला होतात का? म्हटलं लहानपणी, पाण्यात. घरात कुणी तरुणपणी अचानक गेलंय का? मी सरळ नाही म्हणाले. मला खरंच वाटत होतं की नाही. आपल्या घरात अचानक कुणी जात नाही, आपल्या घरात माणसं बुडतात. तेही मी तिला सांगितलं की दोघे बुडाले, माझा काका आणि माझा मुलगा. तिने विचारलं, पोहता येत नव्हतं का त्यांना? आणि दादा, इतकं सगळं होऊनसुद्धा माझी मान ताठ झाली. मी म्हणाले, छे हो, पट्टीचे पोहणारे होते दोघेही. त्या पोरीने हातातलं पेन खाली ठेवलं आणि माझा हात धरला. इतक्या वर्षांत आपल्याला जे सुचलं नाही ते तिला बसल्या जागी कळलं.

हृदयाच्या मोठ्या डॉक्टरांनी मग समजावून सांगितलं. मी जसं समजले तसं लिहिते. ठोका पडला की पुढच्या ठोक्याआधी हृदयाला आपली वीज पुन्हा भरून घ्यावी लागते. काही घराण्यांच्या रक्तातच असं असतं की ती भरायला जास्त वेळ लागतो. एरवी पत्ता लागत नाही, माणूस खातो पितो, धावतो, कप जिंकतो. पण एकदम थंड पाण्यात उडी, त्यात जोराची दमछाक, आणि एखाद्या दिवशी ती लय फिसकटते. ठोके इतके वेडेवाकडे पडतात की रक्त पुढे जातच नाही. जमिनीवर झालं तर लोक चक्कर म्हणतात, बरेचदा आपोआप सावरतंही. पाण्यात झालं तर बुडाला म्हणतात. नंतर चिरून पाहिलं तरी हृदयात काही दिसत नाही, कारण वीज गेल्यावर तार तशीच दिसते. आणि आईबापांपैकी एकाला असलं की प्रत्येक मुलाला असण्याची शक्यता निम्मी. बदकाचं आता कुणी तपासू शकत नाही, पण डॉक्टरांना शंका नाही. मला सगळ्यात जास्त छळतं ते पुढचं. यावर उपाय आहे. रोजची एक गोळी, ठोक्यांना लगाम घालणारी. काही साधी वाटणारी औषधं टाळायची. कुणाला छातीत कातडीखाली लहानसं यंत्र बसवावं लागतं. आणि शर्यती बंद. बस, इतकंच. तो आज माझ्या दुकानात काउंटरवर पाय पसरून बसला असता, पोहायला मिळत नाही म्हणून माझ्यावर चिडला असता.

हे सगळं सांगायलाच मी तलावावर आले होते. पहिल्या वेळी तू ऐकून तरी घेतलंस. मी म्हणाले, तुझा आणि मासोळीचा कार्डिओग्राम काढून घे. तू म्हणालास, कशाला हात दाखवून अवलक्षण करून घ्यायचं? मास्तर खुर्चीत पडल्या पडल्या म्हणाले, हिच्या सासरकडून आलं असेल. अहो मास्तर, सासरहून आलं असेल तर माझ्या छातीत कसं आलं? मी तुमची मुलगी ना? पण त्यांना सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. तू कपाटातून मासोळीचं सर्टिफिकेट काढून दाखवलंस, खेळायला तंदुरुस्त. ते सर्टिफिकेट कसं मिळतं ते मी खिडकीत बसून डोळ्यांनी पाहिलंय. पोरांची रांग, डॉक्टर एकेकाच्या पाठीला नळी लावणार, श्वास घे, सोड, सही, पुढचा. नळीने हे ऐकूच येत नाही रे. एकदा तो कागद काढायला हवा, आणि घरात कोण कसं गेलं हे विचारायला हवं. माझ्या दुकानातही हेच चालतं म्हणा. लोक खांबाला धडकेपर्यंत डोळे तपासत नाहीत, आणि धडकल्यावर खांब भलत्या जागी होता म्हणतात.

मग मी म्हणाले, निदान ते झटका देणारं मशीन तरी तलावावर ठेव, बदकाच्या नावाने मी देते, आणि शिकवणाऱ्यांना छाती दाबायला शिकव. तू म्हणालास, भिंतीवर असलं काही पाहिलं की पालक घाबरतात. मी ज्या भिंतीवर ते लावायला सांगितलं होतं, पायऱ्यांच्या उजव्या हाताला, तिथे तू बदकाचा फोटो टांगलास. मोठा, चौकटीतला, खाली दिवा लावल्यासारखा बल्ब. पालक येतात, क्षणभर थांबतात, चुकचुकतात आणि पोराला पाण्यात पाठवतात. मेलेल्या मुलाची भीती वाटत नाही, जिवंत ठेवणाऱ्या डब्याची वाटते. मला त्या फोटोकडे बघवत नाही. तुझ्याकडे बघणं त्याहून कठीण आहे.

तू त्याला मारलंस असं मी म्हणत नाही, कधी म्हटलंही नाही. तुला जे शिकवलं ते तू केलंस, आणि मनापासून केलंस. तेव्हा तुला माहीत नव्हतं. पण आता माहीत आहे, मी स्वतः येऊन सांगितलंय, आणि तरी तुझा हट्ट सुटत नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात तो तुझ्यात आणि मास्तरांत सारखाच आहे. तुला काय भीती वाटते ते मला कळतं. हे मान्य केलं तर ती शिट्टी, ते पाठ दाबणं, तो पायऱ्यांवरचा दिवस, सगळं पुन्हा उलगडून बघावं लागेल. काका, मास्तर, आपलं सगळं घराणं उलगडावं लागेल. मी बघितलंय ते सगळं, रोज बघते. माणूस मरत नाही त्याने. तू मात्र तुला बघावं लागू नये म्हणून त्याच पाण्यात पोरीला उतरवायला निघालास, याला मी काय म्हणू? मी तुझा राग करते दादा. लपवून ठेवण्यासारखं आता काही राहिलं नाही.

आता शेवटचं, ज्याच्यासाठी मी एवढा कागद भरला. मासोळी मागच्या महिन्यात दुपारची दुकानात आली. चष्मा नको होता तिला, तरी स्टँडवरची एकेक फ्रेम लावून आरशात बघत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, आत्या, पाण्यात वळताना मला काळोखी येते. एकदा ती दोरीला लटकून राहिली होती आणि तू काठावरून ओरडत होतास, थांबू नको. ती सज्ञान आहे, तिने स्वतः म्हटलं की मला तपासून बघायचंय, म्हणून मी तिच्याबरोबर गेले. तिचा कागद आणि माझा कागद डॉक्टरांनी शेजारी शेजारी ठेवले, मला कुणी समजावून सांगायची गरज उरली नाही. गोळ्या सुरू झाल्यात. ते तिला तुझ्याकडून आलंय, म्हणजे तुलाही तपासायला जावं लागेल. मी तिला म्हटलं, तुझ्या बाबांना तू सांग, ते तुझं ऐकतील. ती अगदी साधेपणाने म्हणाली, त्यांना सांगण्यापेक्षा मी ती शर्यत पोहूनच टाकते एकदाची. दादा, तुझ्या पोरीला मरण सोपं वाटतं आणि तू अवघड. तेव्हा मी म्हटलं, थांब, मी लिहून देते, तू फक्त नेऊन दे. पाकिटावर तिकीट नव्हतं ते तुझ्या लक्षात आलं असेलच. तू वाचायला लागल्यापासून ती तिथेच उभी आहे. आता मान वर कर आणि तिच्याशी बोल.

अजून तरी तुझीच,
धाकटी